वीतभर खाली

९ फेब्रुवारी

म्हातारीने आजही जेवणाच्या वेळेलाच उत्तर दिलं. म्हातारी म्हणजे ऑफिसातला संगणक. सकाळी नऊला आकडे भरून तिला कामाला जुंपायचं, आणि एक वाजता वहिनी जेवायला हाक मारते तेव्हा पडद्यावर ‘झाले’ उमटलेलं असतं. मधल्या वेळात तिला दुसरं काही करायला सांगितलं तर ती अडकून बसते, म्हणून मीच हात बांधून बसते.

काम आहे पोहण्याच्या तलावाच्या छपराचं. खांब फक्त कडेला, मध्ये पोलादी दोरांची जाळी, वर ताणलेलं कापड. असल्या छपरांसाठी दादाने तरुणपणी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला जाळीचा अंदाजे आकार द्यायचा. मग तो ती जाळी हिशोबातच थोडी खाली सोडतो, हलू देतो, पुन्हा थोडी सोडतो, असं हजारो वेळा, ती स्थिर होईपर्यंत. शेवटी ती कुठे लोंबणार आणि प्रत्येक दोर किती लांब हवा, ते मिळतं. नव्या संगणकांवर हा प्रोग्रॅम उघडतच नाही, म्हणून म्हातारीला पोसणं आलं.

आर्किटेक्टला रोज एखादा खांब सरकवायची हौस आहे. खांब सरकला की सगळं पहिल्यापासून. आणि महिनाअखेरीला दोरांच्या लांब्या कारखान्याला कळवायच्या आहेत. एकदा कापलेला दोर काही वाढत नाही. त्या कागदावर सही माझी असणार, कारण दादाचा हात आता कापतो, पेन धरवत नाही. आयुष्यातली माझी पहिली सही, आणि ती पोहायला येणाऱ्या पोरांच्या डोक्यावरच्या छपराला. मला नको होती. पण नको कोणाला सांगणार?

११ फेब्रुवारी

आर्किटेक्ट स्वतः आला होता. दादा मागच्या घरातून काठी टेकत आला, खुर्चीत बसला आणि चहा येईपर्यंत त्याने डेपोची गोष्ट सांगून टाकली. पाहुणा आला की ती होतेच.

“बसडेपोचं छप्पर आमचंच बरं का. माझं गणित चोख. पण दोरांवर मापाच्या खुणा करायला पाठवली हिला! छप्पर चढवलं, बघतो तर मधोमध वीतभर खाली. पाणी साचायला लागलं. शेवटी मधून जमिनीपर्यंत एक नळी काढली, ती अजून आहे. आम्ही तिला धाकटीची नळी म्हणतो.”

आर्किटेक्ट खो खो हसला. मीही हसले. बावीस वर्षं हसतेय, सवय झालीय.

तेव्हा मी कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते आणि मला साइटवरच काम करायचं होतं. दोर एकमेकांना जिथे बांधायचे तिथल्या त्या खुणा उन्हात वाकून वाकून केल्या, दोनदा तपासल्या, आणि तरी कुठेतरी चुकले. कुठे, ते आजवर सापडलं नाही. त्यानंतर दादाने मला साइटवर पाठवलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. टेबल मिळालं, टेबलाशी राहिले. तेव्हापासून सगळं तीनतीनदा तपासायची खोड लागली. कुलूप, गॅस, भाजीतलं मीठसुद्धा. वहिनी म्हणते, “अगं, ओढून ओढून एक दिवस कुलूपच हातात येईल तुझ्या.”

घरून येताना वाटेत डेपो लागतो. मी एक थांबा आधीच उतरते आणि मागच्या गल्लीने चालत येते. पाय दुखतात, पण नळी दिसत नाही.

१२ फेब्रुवारी

दिवसाला धड दोन हिशोबही होत नाहीत. असंच चाललं तर महिनाअखेर हुकणार. शेवटी संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी मशीनला कान लावून ऐकतो आणि मगच ते उघडतो.

“पेशंट जुना आहे ताई, पण जाणारा नाही,” तो म्हणाला. “आधी मेमरी वाढवू. मग डिस्क बदलू. तरी नाही धावली तर प्रोसेसर बघू. एकदम सगळं नको, झेपायचं नाही तिला.”

दादा कुरकुरला. “चालतंय ना? मग कशाला उगाच उघडताय?”

“प्रोग्रॅमला कोणी हात लावत नाहीये,” मी म्हटलं, तेव्हा गप्प झाला. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, ही या ऑफिसची पहिल्यापासूनची रीत. तो दादाचा. मी त्याच्या आत कधी डोकावलेसुद्धा नाही.

जेवताना वहिनीने जुन्या आठवणी काढल्या. ऑफिसच्या पहिल्या संगणकाला म्हणे दोन मालक होते, निम्मा आमचा आणि निम्मा मागच्या छापखान्याचा. सकाळी आम्ही, दुपारनंतर ते. छापखान्याचे आजोबा एकच्या ठोक्याला दारात उभे राहायचे आणि त्यांच्यात आणि दादात रोज जुंपायची. आता तिथे केस कापायचं दुकान आहे.

१५ फेब्रुवारी

मेमरी बसली. मोठ्या आशेने कालचेच आकडे घालून पाहिले. एक वाजता ‘झाले’. काडीचाही फरक नाही.

उलट एक नवंच झेंगट. जाळीचा मधला बिंदू कालच्यापेक्षा दोन बोटं खाली दाखवतोय. आकडे तेच, खांब तेच. मी भरतानाच चूक केली असणार. तीनदा ताडून पाहिलं, सापडली नाही. म्हणजे चौथ्यांदा पाहायला हवं. डोळे चुरचुरतायत.

१८ फेब्रुवारी

नवी डिस्क. म्हातारी आता बटण दाबल्याबरोबर जागी होते, पूर्वी तेवढ्यात मी केर काढून घ्यायची. पण तलावाचा हिशोब? एक वाजता. आणि मधला बिंदू आणखी खाली.

डॉक्टरला फोन करून झापलं. तो बिचारा धावत आला, मेमरीची तपासणी लावली, वायरी काढून फुंकून पुन्हा बसवल्या. सगळं ठणठणीत. म्हणाला, “ताई, माझ्याकडून दोष निघाला तर कान पकडून बाहेर काढा.” मी त्याला सॉरी म्हटलं. मग वाटलं, दोष माझ्याच आकड्यांत असेल, त्या बिचाऱ्याला कशाला बोलले? बोलायचं ते बोलून झाल्यावर मला नेहमी असं वाटतं.

२० फेब्रुवारी

आज उजाडताच प्रोसेसर बसवला. दुसऱ्या कुठल्याशा ऑफिसातल्या मोडीत निघालेल्या मशीनचा, म्हातारीच्याच जातीचा पण वरच्या दर्जाचा. सोबत मोठा पंखा. डॉक्टरने हात पुसले आणि म्हणाला, “आता बघा कशी पळते.”

पळाली. शाळेच्या व्हरांड्याचं जुनं छप्पर घालून पाहिलं, ज्याला चहा करून पिऊन होईपर्यंत वेळ लागायचा. मी खुर्ची ओढून बसेपर्यंत उत्तर! डॉक्टरने टाळी दिली. मलाही कितीतरी दिवसांनी हसू आलं.

मग नऊला तलाव. आम्ही दोघं पाहत बसलो. अकरा झाले, बारा झाले. एक वाजता ‘झाले’. आणि मधला बिंदू पहिल्या आकड्यापेक्षा चांगला चार बोटं खाली.

डॉक्टरने डोकं खाजवलं. “बाकी सगळं पळतंय, ही एकच अडून बसलीय. जेवणाची सुट्टी झाल्याशिवाय टेबल न सोडणारा कारकून असतो ना, तसं चाललंय हिचं.”

मी दादाच्या खुर्चीपाशी गेले आणि कंटाळून सगळा पाढा वाचला. मशीन वेगात झालं तरी हा हिशोब लवकर संपत नाही आणि प्रत्येक नव्या भागाबरोबर छप्पर खाली येतंय. आधी म्हातारी हळू होती पण खरं बोलायची, आता भराभर खोटं बोलते.

दादा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मनातल्या मनात सोडवत होता. त्याने विचारलं, “थांबली किती वाजता?”

“एक. रोज एकच.”

“आणि सुरू?”

“नऊला. का रे?”

त्याने वर्तमानपत्र मिटलं. वहिनीने ठेवलेला चहा तसाच निवून गेला. हल्ली त्याचं लक्ष लागत नाही कशात.

२१ फेब्रुवारी

दादा नीट जेवत नाहीये. वहिनीला वाटतं नव्या गोळ्यांमुळे. काल मध्येच तिला विचारत होता म्हणे, छापखान्याचे आजोबा जाऊन किती वर्षं झाली? वहिनी डोळे पुसत मला सांगत होती, “हे असं जुनं जुनं आठवायला लागलं की मला भीती वाटते गं.” मी तिला धीर दिला. मलाही वाटली भीती.

संध्याकाळी दादाने मला हाक मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “ते जुने भाग परत लाव. जुनं उत्तरच धर.”

मला हायसं वाटलं. निदान कोणीतरी ठरवलं.

२३ फेब्रुवारी

जुने भाग परत. आकडा पुन्हा जिथल्या तिथे, अगदी पहिल्या दिवसासारखा. डॉक्टर काढलेले भाग पुठ्ठ्याच्या खोक्यात भरत होता. जाताना एवढंच म्हणाला, “माझे भाग खोटं बोलत नाहीत, ताई.” त्याचा चेहरा उतरला होता. पण मी तरी काय करू? बावीस वर्षं या प्रोग्रॅमने कधी दगा दिला नाही. दगा दिला तो माझ्या हातांनी.

२५ फेब्रुवारी

लांब्यांचा कागद तयार. उद्या ऑफिसात जाऊन सही करायची आणि कारखान्याला धाडायचा. तीनदा तपासला.

थकले आहे. आजचं नाही हे, जुनं आहे. हे छप्पर नीट चढलं तर सुटले, यापुढे मोठं काम नाही घ्यायचं. लहान व्हरांडे, गाड्यांच्या शेड, एवढं पुरे.

२६ फेब्रुवारी

सकाळी निघायच्या बेतात होते तर बेल वाजली. दारात दादा. एकटा! वर्षभरात तो एकटा कोपऱ्यापर्यंत गेलेला नाही आणि आज बसने आला. शर्ट घामाने चिकटलेला, काठीवर दोन्ही हात.

“सही केलीस?”

“ऑफिसात जाऊन करणार. आधी आत ये तू.”

“करू नकोस.”

त्याला खुर्चीत बसवलं. पाणी दिलं, अर्धं सांडलं. मला वाटलं, वहिनीला काही झालं. त्याने मान हलवली.

“ती म्हातारी काम संपलं म्हणून थांबत नाही,” तो म्हणाला. “वेळ संपली म्हणून थांबते.”

मला काही उमगेना.

“छापखान्याच्या आजोबांना एकला मशीन द्यावं लागायचं. मी उठायचो नाही, मग भांडणं. शेवटी मीच वैतागून प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. चार तास झाले की थांब आणि जाळी जिथे असेल तिथले आकडे दाखव. लहान छपरं तोवर कधीच स्थिर झालेली असतात, त्यांना काही फरक पडत नाही. पुढे छापखाना गेला, आजोबा गेले, मशीनं बदलली. ती ओळ मी साफ विसरलो.”

“आणि मोठी छपरं?”

“मोठी आपण दोनच केली. हा तलाव आणि…”

मग मीच म्हटलं, “डेपो.”

“हो.”

“म्हणजे जाळी अजून खाली यायची होती आणि आपण ती अधांतरी असतानाच आकडे उचलले. मशीन वेगात झालं, तेवढ्याच वेळात जास्त खाली पोचली. म्हणून उत्तर बदलत होतं.”

“हो.”

“माझ्या खुणा बरोबर होत्या.”

“बरोबर होत्या गं.”

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. मी खिडकी लावून घेतली. मग विचारलं, “हे तुला कधी कळलं?”

“तू रोज एक म्हणालीस तेव्हा.”

“मग जुने भाग का लावायला सांगितलेस?”

दादाने खाली पाहिलं. “लाज वाटली. म्हटलं, छप्पर काही पडत नाही, ताण सोसतं ते. पाणी साचलं तर तलावालाही बसवू एक नळी.”

दुसरी नळी. आणि कागदावर माझी सही. तीही माझ्याच नावावर चढली असती, आणि मी पाहुण्यांसमोर तिलाही हसले असते.

प्रचंड संताप आला. बावीस वर्षं त्याला ठाऊक नव्हतं, ते मी सोडून देईन. कधीतरी देईन. पण गेले सहा दिवस त्याला ठाऊक होतं. मी तीनतीनदा कागद तपासत होते आणि हा शेजारी बसून शब्दकोडं सोडवत होता. डॉक्टरला मी काय काय बोलले! आणि या संतापाच्या मध्येच मला दिसत होतं की त्याचा पाय जमिनीवर टकटक हलतोय आणि त्याला तो थांबवता येत नाहीये. अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? रागवायलाही ताकद लागते.

“आलास, हे बरं केलंस,” एवढंच म्हटलं. त्याला घरी पोचवायला बसने गेले. उतरताना त्याचा हात धरला. धरावाच लागतो. पण दिवसभर त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

२७ फेब्रुवारी

उजाडताच डॉक्टरच्या दुकानात गेले. सगळं सांगितलं, माफी मागितली. तो म्हणाला, “मशीनवर आळ आला की आमच्यावर येतोच, ताई. सवय आहे.” मी म्हटलं, “अशी सवय लावून घेऊ नका.” आठच्या आत खोकं घेऊन आला, सगळे भाग बसवले.

मग मी प्रोग्रॅम उघडला. पहिल्यांदा. दादा मागे खुर्ची ओढून बसला होता आणि सांगत होता, अजून खाली, अजून, हां, तिथे. एवढीशी ओळ. मी वाटच पाहत होते की तो स्वतः पुसतो म्हणेल. त्याने बोट पुढे केलं, ते कळफलकावर भलतीकडेच जायला लागलं. “तूच पूस,” तो म्हणाला. मी पुसली.

नऊला तलाव लावला. एक वाजता वहिनीने हाक मारली आणि म्हातारी थांबली नाही. सव्वा झाला, दीड झाला. आम्ही ताटं तिथेच आणवली. वहिनीला सगळा प्रकार कळला होता. तिने दादाला वाढलं, मला वाढलं, आणि मला वाढताना डोक्यावरून हात फिरवला. दादाला म्हणाली, “जेवा आता. भूक लागली असेल इतक्या दिवसांची.”

उन्हं उतरायच्या सुमाराला म्हातारी आपणहून थांबली. आकडा पहिल्यापेक्षा पाऊण वीत खाली. आर्किटेक्टला फोन करून सांगितलं की खांब तेवढे उंच करावे लागतील. तो चिडला. चिडू दे.

२८ फेब्रुवारी

सकाळी आधी डेपो लावला. जुन्या कामांच्या फायली म्हातारीच्या पोटात आहेतच. तलावापेक्षा लहान छप्पर, त्यामुळे जेवणानंतर थोड्या वेळात उत्तर आलं. तेव्हाच्या नकाशापेक्षा बरोबर वीतभर खाली. मी त्या दिवशी शिडीवर चढून मोजलं होतं तेवढंच. मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. नुसतं हलकं हलकं वाटत राहिलं, तापातून उठल्यावर वाटतं तसं.

दुपारी आर्किटेक्ट नवा कागद न्यायला आला. अजून घुश्शात होता. चहा आला आणि दादाने घसा साफ केला. मी मनात म्हटलं, आता जर याने तीच गोष्ट काढली तर मी उठून जाईन.

त्याने तीच काढली.

“बसडेपोचं छप्पर आमचंच. दोरांवर खुणा केल्या हिने, चोख. पण माझं गणित अर्धवट. जाळी लोंबायची थांबायच्या आधीच मी उठलो जेवायला! मग काय, मधोमध वीतभर खाली. नळी काढावी लागली. मागच्या वेळी मी तुम्हाला तिचं नाव चुकीचं सांगितलं. ती दादाची नळी आहे.”

आर्किटेक्टला हसावं की नाही ते कळेना, तो माझ्याकडे बघायला लागला. मी हसले नाही. दादालाही ते नको होतं. त्याच्या हातातली बशी वाजत होती, ती मी काढून घेतली.

कागदावर सही केली. पेन जरा अडखळलं, पण झाली. कागद गेला.

माझा राग गेलेला नाही, हेही लिहून ठेवते.

१९ मार्च

आज दोर साइटवर आले. खुणा मी करायच्या, हे मीच आर्किटेक्टला कळवलं होतं. दादाला नंतर सांगितलं. तो म्हणाला, “डोक्याला काहीतरी बांधून जा, ऊन आहे.”

तलावाच्या कडेने दोर अंथरलेले होते. गुडघे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत, दर खुणेला वाकताना जीव निघत होता. एक मुलगी टेपचं दुसरं टोक धरून होती. पहिल्या दोराला खूण केली, टेप गुंडाळली आणि दुसऱ्या दोराकडे निघाले. ती म्हणाली, “मॅडम, पुन्हा मोजायचं ना?”

“दुसऱ्याने मोजायचं. रीत तशीच आहे,” मी म्हटलं. “आता तू मोज.”

तिने मोजलं. बरोबर होतं.

येताना डेपोवर उतरले. वर पाहिलं. नळी आहे तिथेच आहे, खाली एक कोरडी बादली. नळीला टेकून एक बाई मुलाला केळं सोलून देत होती. मी पुढची बस येईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिले.

आता हे लिहिताना आठवलं की सकाळी घराचं कुलूप लावून निघाले आणि ते ओढून पाहायला परत फिरलेच नाही. संध्याकाळी आले तेव्हा ते नीट लागलेलं होतं.